घर बदलताना ढेकूण सोबत नेऊ नयेत म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा महिन्यांचा करार संपला की बाडबिस्तरा उचलायचा, हे पुण्या-मुंबईत भाड्यानं राहणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आम्ही नऊ वर्षांत तीन घरं बदलली. पहिल्या खेपेला ठाण्याहून पुण्याला आलो तेव्हा दिवाणातून ढेकूणही आले, आणि नव्या घरातली पहिली दिवाळी गाद्या उन्हात टाकण्यात गेली. पुढच्या खेपेला ढेकूण जुन्या घरातच संपवले आणि मगच टेम्पो बोलावला. तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले लोक फोन करतात, बहुतेक जण आवाज बारीक करून. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आपण घर सोडलं की ढेकूण तिथेच राहतील ना?

सगळे राहणार नाहीत. ढेकणाला पंख नसतात, पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. एका घरातून लांबच्या दुसऱ्या घरात जायला त्याला आपलंच सामान लागतं. पलंगाचा सांधा, गादीची शिवण, बॅगेचं अस्तर, भिंतीवरच्या फोटोची पाठ, अशा जागी बसून तो येतो. अंड्यावर आलेली एकच मादी आली तरी पुरे. ती रोज दोन-चार अंडी घालते आणि आयुष्यभरात दोनशेच्या वर.

म्हणून घर बदलणं हा ढेकणांवरचा उपाय नव्हे. पण घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी हातात येते, कपाटामागची भिंत दिसते, दिवाणाचे स्क्रू निघतात, असं फक्त घर बदलतानाच होतं. ढेकूण मुळापासून काढायला याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा मिळत नाही. ती वाया घालवू नका.

आमच्याकडे ढेकूण आहेत की नाहीत, हे खात्रीनं कसं ओळखायचं?

अंगावरच्या गांधींवरून ठरवू नका. ढेकूण चावल्यावर काहींना टपोऱ्या, खाजऱ्या गांधी येतात आणि काहींना काहीच होत नाही. एकाच पलंगावर झोपणाऱ्या नवरा-बायकोत एकाचे हात भरलेले आणि दुसऱ्याचे कोरे असतात, मग घरात "डासच आहेत" असं ठरून जातं. आमच्याकडे अशात दोन महिने गेले.

मोबाइलचा टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड आणि पांढरा कागद घेऊन बसा. आधी गादीच्या कडेची गोट आणि चारही कोपरे बघा. मग पलंगाच्या डोक्याकडची फळी, तिची मागची बाजू, बॉक्सच्या आत जिथे दोन प्लायवूड जुळतात ती रेघ, बिजागऱ्या आणि स्क्रूची भोकं. काळे ठिपके शोधा. शाईच्या पेनाचं टोक जागोजागी टेकवल्यासारखे ते दिसतात. ओल्या कापसानं पुसले की तपकिरी फराटा उमटतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. जवळपास फिकट, पोकळ काती पडलेल्या असतील. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी त्याला रक्त लागतं. मोठा ढेकूण अख्ख्या मसुराएवढा, चपटा, तपकिरी. अंडी खसखशीएवढी, पांढरी, जरा लांबट आणि लाकडाला चिकटवल्यासारखी.

आमच्या दिवाणाच्या डोक्याकडचा एक स्क्रू काढला तेव्हा त्या भोकाच्या काठाला सात-आठ अंडी एकाला एक लागून बसलेली होती. शेजारच्या फटीत कार्ड सरकवलं, तर कार्डाच्या कडेवर चढून एक ढेकूण बाहेर आला आणि टॉर्चचा उजेड पडताच परत आत वळला. वर रोज झटकलेली, धुतलेली चादर होती. स्वच्छतेचा आणि ढेकणांचा थेट संबंध नाही. ढेकणाला कचरा नाही, रक्त लागतं. पसारा असला तर लपायला जागा जास्त मिळतात, एवढंच.

ढेकणांमुळे रोग पसरतात का?

ढेकणांमुळे माणसाला एखादा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण खाजवून जखमा चिघळतात, काहींना ॲलर्जीचा जोरदार त्रास होतो आणि झोप उडते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांचे फार हाल होतात. "रोग तर होत नाही ना" म्हणून दुर्लक्ष करू नका.

घर बदलायच्या किती दिवस आधी सुरुवात करायची?

पाच-सहा आठवडे हाताशी ठेवा. आपल्याकडच्या हवेत अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. बऱ्याच औषधांनी ढेकूण मरतात, अंडी मात्र वाचतात. म्हणून पहिल्या फवारणीनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी करावीच लागते, त्या मधल्या काळात फुटलेल्या पिल्लांसाठी. त्यानंतर दोन-तीन आठवडे नुसतं बघायचं. रोज सकाळी चादर, दर चार दिवसांनी सांधे. पांढरी चादर घाला, नवा ठिपका लगेच दिसतो.

एकच फवारणी करून दुसऱ्या दिवशी सामान हलवणं ही सर्रास होणारी चूक आहे. तेव्हा अंडी सुखरूप टेम्पोत चढतात.

आमच्याकडे आठच दिवस उरले आहेत. आता?

सगळं घर होणार नाही, तेव्हा पलंग, गाद्या, सोफा आणि अंथरूण-पांघरुणं एवढ्यावर जीव लावा. बाकीचं सामान जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडं टेपनं बंद करा आणि प्रत्येक पिशवीवर मार्करनं लिहा, 'तपासलं' किंवा 'तपासायचं'. नव्या घरात 'तपासायचं'वाल्या पिशव्या गॅलरीत किंवा एका खोलीत ठेवा. त्या खोलीत कोणी झोपायचं नाही आणि एका वेळी एकच पिशवी उघडायची. हे कंटाळवाणं काम आहे, पण होतं.

कपडे आणि अंथरुणं कशी न्यायची?

ढेकणाचा खरा शत्रू उष्णता. ४८ अंश सेल्सिअसला मोठे ढेकूण साधारण वीस मिनिटांत मरतात, अंडी मारायला त्याच तापमानाला तासाहून जास्त लागतो. तापमान ५० च्या वर गेलं की काम भराभर होतं. म्हणून वॉशिंग मशीनमध्ये ६० अंशांवर धुणं किंवा ड्रायरमध्ये कडक आचेवर अर्धा तास फिरवणं, हे दोन्ही खात्रीचे उपाय. ज्यांच्याकडे गरम पाण्याचं मशीन नाही त्यांनी सुती कपडे उकळत्या पाण्यात भिजवावेत, आपल्या आज्या करायच्या तसंच. रेशमी साड्या आणि शालूंना कापडाच्या बेतानं आच ठेवून इस्त्री द्या. शिवण, काठ, पदराचे गोंडे यांवरून इस्त्री सावकाश फिरली पाहिजे.

धुऊन वाळवलेला कपडा परत त्याच कपाटात ठेवला तर सगळी मेहनत पाण्यात. वाळला की घडी करून थेट पिशवीत, आणि पिशवी बंद. ती नव्या घरातच उघडायची. शेवटच्या रात्रीच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि अंगावरचे रात्रीचे कपडे सकाळी उठल्या उठल्या वेगळ्या पिशवीत घाला. नव्या घरी ती पिशवी मशीनच्या तोंडाशी नेऊन उघडा आणि रिकामी पिशवी गाठ मारून टाकून द्या.

मुलांची दप्तरं, ऑफिसच्या बॅगा, पर्स आणि हेल्मेटचं अस्तर यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आमच्या मुलीच्या दप्तराच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली, दोन काती सापडल्या होत्या.

गाद्या उन्हात टाकल्या की ढेकूण मरतात, हे खरं का?

अर्धं खरं आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो आणि गच्चीची फरशी त्याहूनही तापते. पण कापसाच्या जाड गादीच्या पोटात ती उष्णता पोचत नाही. वरची बाजू तापली की ढेकूण खालच्या, सावलीच्या बाजूला सरकतात. उन्हात टाकायचंच असेल तर भर उन्हाळ्यात, पातळ वस्तू, काळ्या पिशवीत पसरून घाला, दुपारी उलटा आणि दोन-तीन दिवस करा. आत स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यालयाचा थर्मामीटर ठेवलात तर अंदाज करावा लागत नाही. पुण्यातल्या डिसेंबरच्या उन्हावर अजिबात विसंबू नका.

पावसाळ्यात घर बदलावं लागतंय, ऊन नाही. काय करू?

करार जुलैत संपतो तेव्हा हाच पेच पडतो. हल्ली शहरांत मोठे ड्रायर असलेली लाँड्री मिळते. गोधड्या आणि पडदे तिथे द्या, पण बांधलेल्या पिशवीत न्या आणि ढेकूण असल्याचं सांगून द्या. लाकडी सामानासाठी वाफ चांगली. साड्यांना वाफ देण्याचं यंत्र घरात असेल तर ते फटीपासून बोटभर अंतरावर धरून अगदी हळू फिरवा, नाहीतर वाफेच्या झोतानं ढेकूण उडून पलीकडे पडतात. प्लायवूड फुगतं, म्हणून लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. स्विचबोर्डाजवळ वाफ नेऊ नका.

गादी टाकून द्यावी का?

लगेच टाकू नका. बहुतेक वेळा गादीपेक्षा पलंगाच्या लाकडात ढेकूण जास्त असतात. गादी टाकली आणि पलंग तसाच नेला तर नव्या गादीत महिन्याभरात तेच. फोम किंवा कॉयरची गादी चांगली असेल तर ती चेन असलेल्या, सगळीकडून बंद होणाऱ्या खोळीत घाला. आत राहिलेले उपाशी मरतात, फक्त ती खोळ वर्षभर उघडायची नाही. ढेकूण न खाता कित्येक महिने काढतो, थंड हवेत तर वर्षभरही. कापसाची गादी पिंजून घ्यायची असेल तर गादीवाल्याला आधी सांगा. त्याच्या दुकानात दहा घरांच्या गाद्या असतात.

टाकायचीच ठरली तर खोळ फाडा, लाल रंगानं मोठ्या अक्षरांत 'ढेकूण आहेत' असं लिहा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट कचऱ्याच्या गाडीत द्या. रात्री गुपचूप रस्त्याच्या कडेला ठेवलेली धडकी गादी सकाळपर्यंत कोणीतरी गरजू माणूस उचलून नेतो, आणि आपला त्रास त्याच्या लेकरांच्या अंथरुणात जातो. हे मला फार लागतं.

पुस्तकं, कागदपत्रं, फोटो, देवघर यांचं काय?

यांना पाणी आणि औषध दोन्ही चालत नाही, म्हणून नजर आणि थंडी. पुस्तक पुठ्ठ्याला धरून उलटं झटका, पाठीच्या शिवणीत टॉर्च मारा. संशय आला तर बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांना चार दिवस पुरतात. फ्रीज वारंवार उघडत असाल तर आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

आजोबांच्या तसबिरीची पाठ नक्की बघा. तिथे मागचा कागद सुटलेला असतो आणि आत उबदार अंधार. देवघराच्या लाकडी कोरीव कामात, चौरंगाच्या पायांत, भिंतीवरच्या घड्याळामागे, खिळ्याच्या भोकात, सगळीकडे टॉर्च फिरवा. देव वेगळे काढून ठेवा आणि देव्हारा निःशंकपणे उन्हात किंवा वाफेवर घ्या.

लॅपटॉप, टीव्ही, मिक्सर?

पलंगाजवळ असणाऱ्या वस्तू तेवढ्या तपासा, म्हणजे चार्जर, रेडिओ, मच्छर पळवायचं यंत्र, टेबलफॅनचा पाया. फवारा मारू नका. स्वयंपाकघरातल्या यंत्रांत झुरळं असतील, ढेकूण सहसा नसतात.

पॅकर्स आणि टेम्पोवाल्यांबाबत काय काळजी घ्यायची?

इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण स्वच्छ घरातून निघालेलं सामानही वाटेत बाधतं.

कपाट आणि फ्रीजला ओरखडे पडू नयेत म्हणून हमाल त्यांच्या जवळच्या जुन्या गोधड्या आणि रजया गुंडाळतात. त्या गोधड्या काल कोणाच्या तरी दिवाणाभोवती होत्या. ठरवतानाच सांगा की गुंडाळायला नवा पुठ्ठा आणि नवा बबलचा कागद हवा, जुनी कापडं नकोत. थोडे पैसे जास्त पडतात, ते द्या. नाहीतर आपल्या घरातल्या, धुतलेल्या सतरंज्या काढून ठेवा.

टेम्पो आला की सामान चढवायच्या आधी आत डोकावा. फळ्या, कोपऱ्यात कोंबलेली ताडपत्री, बसायला टाकलेली गादी. ती गादी उतरवायला सांगताना मला संकोच वाटला होता, पण चालकदादांनी काही न बोलता ती पुढे केबिनमध्ये घेतली.

शहरातून शहरात जाताना 'पार्ट लोड' स्वस्त पडतं, म्हणजे एकाच ट्रकमध्ये दोन-तीन कुटुंबांचं सामान. तेव्हा गाद्या आणि सोफा प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद करूनच द्या. किराणा दुकानातून आणलेली पुठ्ठ्याची खोकी टाळा. पुठ्ठ्याच्या नागमोडी थरांत काहीही लपतं, झुरळांची अंडी तर हमखास.

दिवाण आणि बॉक्स पलंग सुटे करूनच न्या. स्क्रू आणि बिजागऱ्या काढून एका डब्यात ठेवा आणि त्या डब्यात उकळतं पाणी ओता. मग प्रत्येक फळीची कड वाफेनं किंवा औषधानं घ्या. लोखंडी खाट सर्वांत सोपी, तिच्या नळ्यांची तोंडं तेवढी विसरू नका.

हमालांना, घरमालकांना, शेजाऱ्यांना सांगायचं का? लाज वाटते.

सांगायचं. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं. 'ढेकणाच्या संगतीनं हिरा भंगला' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि ढेकूण म्हटलं की हलकेपणाचा डाग लागल्यासारखं वाटतं. त्या लाजेपायी माणसं गप्प राहतात, आणि ढेकूण भिंतीच्या फटीतून, वायरच्या नळीतून शेजारी जातात. मग शेजारीही गप्प राहतात. आम्ही ठाण्यात असताना शेवटी मी समोरच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे पण आहेत, सहा महिने झाले." दोन्ही घरांत वेगवेगळ्या वेळी औषध मारत बसलो होतो. एकाच दिवशी मारलं तेव्हा फरक पडला, पण तोवर दिवाणात उरलेले आमच्याबरोबर पुण्याला यायला निघाले होते.

हमालांना सांगा, कारण तेही रात्री आपल्या मुलांजवळ जाऊन झोपतात. घरमालकांना लेखी कळवा. 'आम्ही राहायला आलो तेव्हा अमुक तारखेला हे आढळलं' असं फोटोसह पाठवलेलं असलं की डिपॉझिट परत घेताना वाद कमी होतो.

रॉकेल, कापूर, कडुनिंब, डांबरगोळ्या यांनी काम होतं का?

रॉकेल आणि पेट्रोल घरात शिंपडू नका. आग लागते. सॅनिटायझरचंही तेच. पूर्वी खाटेच्या सांध्यात रॉकेल ओतत, पण तेव्हा खाट अंगणात असायची, बंद फ्लॅटमध्ये गॅसच्या शेगडीपासून दहा पावलांवर नव्हे. कापूर, वेखंड, कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या यांच्या वासानं घराला बरं वाटेल, पण सांध्यातला ढेकूण आणि त्याची अंडी त्यानं जात नाहीत. झुरळांच्या खडूनंही काही साधत नाही. घरगुती म्हणून माझा भरवसा फक्त उकळतं पाणी, वाफ, इस्त्री आणि व्हॅक्यूम क्लीनर यांवर. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका.

बाजारात मिळणाऱ्या विषारी गोळ्या किंवा पुड्या ठेवल्या तर?

कृपा करून नको. धान्याच्या कोठारात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण घरात ढेकणांसाठी ठेवतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून वरच्या-बाजूच्या घरांत जातो आणि त्यावर उतारा नाही. शेजाऱ्यानं ठेवलेल्या गोळ्यांनी झोपेतली माणसं, मुलं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. घरात कोणाला त्या आणताना पाहिलंत तर भांडून थांबवा. घरोघरी वापरात असलेल्या डायक्लोरव्हॉस या औषधावरही ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात बंदी आहे. कोणी जुनी बाटली काढून देऊ लागलं तर घेऊ नका.

पेस्ट कंट्रोलवाल्याला काय विचारायचं?

परवाना आहे का, हे आधी. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याखाली हा धंदा करायला परवाना लागतो. मग औषधाचं नाव. डबा दाखवायला सांगा, लेबलाचा फोटो काढून ठेवा. दुसरी फवारणी त्याच पैशांत आहे का आणि किती दिवसांनी, हेही ठरवून घ्या. पलंग उघडून सांध्यात मारणार की नुसता खोलीत फवारा फिरवणार? नुसता धूर किंवा फवारा फटीत शिरत नाही, उलट ढेकूण पांगतात. घरात बाळ, दमेकरी, गरोदर बाई, मांजर किंवा मासे असतील तर आधी सांगा. ढेकणांसाठी सर्रास वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना घातक, आणि त्यांतली काही मांजरांनाही. सांगितलेले तास पुरे होईपर्यंत परत आत जाऊ नका आणि आल्यावर आधी खिडक्या उघडा.

पूर्वी डीडीटी मारलं की ढेकूण जायचे. आता औषधं का लागू पडत नाहीत?

स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली शोधला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण १९४७ मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियासाठी घरोघरी डीडीटी फवारलं गेलं. ढेकूण सुरुवातीला कमी झाले, पुढे त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. डीडीटी आणि हल्लीची पायरेथ्रॉइड औषधं शरीरात जवळजवळ एकाच ठिकाणी घाव घालतात. त्यामुळे एकाला सरावलेला ढेकूण दुसऱ्यालाही बराचसा सरावतो. औषध बेताला आणि उष्णता भरपूर, असं मी म्हणते ते यासाठी.

नवं घर बघायला जाताना काय तपासू?

रिकामं घर म्हणजे सुरक्षित घर, असं धरू नका. ढेकूण महिनोन्महिने उपाशी राहतो, हे वर आलंच. फर्निचरसकट घर घेत असाल तर पलंगाची फळी उचलून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. भिंतीतल्या कपाटांच्या बिजागऱ्या, स्कर्टिंगची वरची कड, स्विचबोर्डाची चौकट, पडद्याच्या दांडीची टोकं आणि खिडकीची चौकट बघा. भिंतीवर पलंगाच्या उंचीला बोटानं चिरडलेल्या रक्ताचे जुने डाग किंवा एका फटीभोवतीच ताजा चुना दिसला तर सरळ विचारा. वॉचमनकाकांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. सामान यायच्या आधी, घर मोकळं असतानाच, एकदा फवारून घ्या. करारात ढेकणांच्या फवारणीचा खर्च कोणाचा, ही एक ओळ घालून घ्या.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सोय आहे. तिथे घरमालकाला गेल्या वर्षभरात ढेकूण होते का, हे भाडेकरूला लेखी द्यावं लागतं. तो कागद मागून घ्या.

पुनर्विकासामुळे आधी ट्रान्झिटमध्ये, म्हणजे तात्पुरत्या घरात, आणि मग नव्या घरात जायचं आहे. दोनदा हे सगळं?

पहिल्याच वेळी नीट करा, दुसऱ्या वेळी निम्मं काम राहील. जे सामान नव्या घरातच लागणार आहे ते तपासून, बंद करून ठेवा आणि ट्रान्झिटच्या खोलीत उघडू नका. चाळीतल्या शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात सगळ्या खोल्यांत औषध मारून घेतलं तर सर्वांत उत्तम. एका खोलीनं करून भागत नाही.

जुना सोफा किंवा पलंग स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

लाकडी खुर्ची, टेबल, लोखंडी कपाट घ्या, तपासून. कापड चढवलेला सोफा आणि गादी मी तरी घेणार नाही. सोफ्याच्या तळाचं काळं कापड फाडल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि विकणारा ते फाडू देत नाही.

मुलगा हॉस्टेलवरून सुट्टीला येतो. तिथे ढेकूण आहेत.

येणाऱ्या लेकरावर ओरडू नका. बॅग पलंगावर टाकू देऊ नका, थेट गॅलरीत किंवा न्हाणीघरात. कपडे सगळे गरम पाण्यात, धुतलेलेही. बॅगेच्या शिवणी आणि चाकांजवळच्या फटी टॉर्चनं बघा. परत जाताना बॅगेत एक मोठी जाड पिशवी द्या. तिथे बॅग कॉटखाली ठेवण्याऐवजी त्या पिशवीत बांधून ठेवायला सांगा.

नव्या घरातली पहिली रात्र कशी काढायची?

पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. चारही पायांखाली वाट्या ठेवा. मुंग्या चढू नयेत म्हणून आपल्याकडे जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तसंच. पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यूची भीती, म्हणून दर तीन दिवसांनी पाणी बदला किंवा पाण्याऐवजी वाटीला आतून टाल्कम पावडर चोळा. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात जो ढेकूण जास्त आढळतो, सायमेक्स हेमिप्टेरस, तो थंड देशांतल्या ढेकणापेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर चांगला चढतो. म्हणून नुसती कोरडी वाटी पुरत नाही. पाण्यात दोन थेंब साबण टाकला तरी चालतो.

किती दिवसांनी समजायचं की ढेकूण आले नाहीत?

दोन महिने. दर आठवड्याला वाट्या उचलून उजेडात धरा, आणि पंधरा दिवसांनी एकदा डोक्याकडच्या फळीचे स्क्रू काढून भोकं बघा. एखादा ढेकूण दिसलाच तर घाबरून अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवू नका, नाहीतर तेही माणसांच्या मागोमाग त्या खोलीत जातात. तिथेच झोपा, तो ढेकूण चिकटपट्टीवर चिकटवून ठेवा, म्हणजे औषधवाल्याला दाखवता येतो, आणि त्याच आठवड्यात काम सुरू करा. दुसऱ्या खेपेला आमच्या वाट्यांत नऊ आठवडे फक्त धूळ, दोन मुंग्या आणि एकदा मुलीच्या कानातल्याची फिरकी सापडली. दहाव्या आठवड्यात वाट्या घासून परत स्वयंपाकघरात ठेवल्या.